मास्तरांचं खास मॉडेल

सूनबाईला स्वतःच्या कामाबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती, आणि यायचं काही कारणही नव्हतं. कधीच्या बंद पडलेल्या एका कारखान्याच्या अकॉर्डियनचं एकूणएक मॉडेल तिने इंटरनेटवर एका लांबलचक टाइमलाइनवर मांडलं होतं. रेघ माऊसने ओढली की वर्षं सरकायची आणि पडद्यावरचं वाद्य डोळ्यांदेखत बदलायचं. भात्यावर क्लिक केलं की भाता कधी बदलला ते कळायचं, जाळीवर क्लिक केलं की जाळीची कुंडली उघडायची. फोटो ठिकठिकाणच्या संग्राहकांनी पाठवले होते. त्यांतल्या कुणी वर्ष चुकवलं, की ही बाई अगदी गोड बोलून त्याचे दात त्याच्याच घशात घालायची.

रविवारी संग्राहकांच्या मंडळात टाइमलाइनचं उद्घाटन होतं आणि पहिलं बटण दाबणार होते तिचे सासरे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. लग्नं, नाच, मेजवान्या, सगळीकडे उभा जन्म त्यांनी अकॉर्डियन वाजवण्यात घालवला होता, आणि त्यांच्याकडे होतं ते ‘खास मॉडेल’. जाळी जुनी, फुलांच्या नक्षीची, पण पट्ट्या मात्र पांढऱ्याशुभ्र, काटकोनी. कारखान्याने प्रयोग म्हणून मोजकीच काढली होती म्हणे. मास्तरांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की मंडळातल्या नवख्यालाही ती तोंडपाठ होती. ते मॉडेल बघायला म्हणून लोक घरी येत.

सूनबाईने ते सगळ्यात शेवटी टाइमलाइनवर चढवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. पांढऱ्या पट्ट्यांची रेघ सरळ मागे उडी मारून भलत्याच वर्षांत जाऊन बसली. तिने पुन्हा तपासलं. ज्या साच्यातून त्या पट्ट्या निघाल्या, तो साचा कारखान्यात आला तेव्हा फुलांची जाळी केव्हाच बंद झाली होती. आणि मास्तरांनी तर वाद्य लग्नाआधी, कोरं करकरीत घेतलेलं. जो साचा जन्मालाच आलेला नाही, त्यातून प्रयोग तरी कसा करणार?

ती तडक स्वयंपाकघरात गेली. सासूबाई कणीक मळत होत्या.

“आई, बाबांचं खास मॉडेल खास नाहीये. पट्ट्या नंतर कुणीतरी बदलल्यात.”

सासूबाईंचे हात परातीत थांबले. ही बाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण आत्ता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून पडला होता तो.”

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मास्तर कार्यक्रमासाठी परगावी गेले होते, दुसरं वाद्य घेऊन. सासूबाईंनी धूळ पुसायला म्हणून अकॉर्डियन कपाटावरून काढला, पट्टा हातातून सुटला आणि वाद्य जिन्यावरून गडगडत खाली गेलं. पट्ट्यांचा चुरा झाला. दुरुस्तीवाल्याकडे त्याच कारखान्याच्या, पण नव्या पट्ट्या होत्या, त्या त्याने बसवून दिल्या.

“आल्यावर त्यांनी वाजवला, काही बोलले नाहीत. पुढे स्वतःच खास मॉडेल म्हणून सांगत सुटले. मी म्हटलं, देव पावला. झाकली मूठ सव्वा लाखाची.” त्यांनी सुनेचा हात कणकेच्या हातानेच धरला. “इतक्या वर्षांनी चारचौघांत त्यांचं हसं नको गं करू.”

“मी खोटं चढवणार नाही, आई.”

“मग चढवूच नकोस.”

हे सूनबाईला त्यातल्या त्यात पटलं. पण आपण टाळाटाळ करतोय याचा तिला रागही आला, कारण टाळाटाळ तिला जमत नसे.

शनिवारी दुपारी मास्तर चष्मा पुसून रंगीत तालमीला संगणकासमोर बसले. रेघ ओढत, “वा, वा” करत ते आपल्या वर्षापर्यंत आले, पुढे गेले, पुन्हा मागे आले.

“माझा कुठाय?”

सूनबाईने साच्याचं सांगितलं. जिन्याचं सांगितलं नाही. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मला माहितेय गं. पहिल्याच सुराला बोटांना कळलं. आपल्या पट्ट्या आपल्याला कळणार नाहीत?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. डोकं असं तापलं होतं म्हणून सांगू! तेवढ्यात बँडमधला एक जण आला. म्हणाला, मास्तर, पट्ट्या पांढऱ्या कशा? ही चहा घेऊन उभी. कप बशीवर असा वाजत होता, की मला तिच्याकडे बघवेना. तोंडातून निघून गेलं, खास मॉडेल आहे. मग काय, एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.” ते खुर्चीत पुढे सरकले. “म्हणून म्हणतो, चढव. उद्या लोकांनी पट्ट्यांची चौकशी मांडली तर ती पुन्हा तशीच उभी राहील. मला ते नको.”

“खोटं चढवणार नाही, बाबा,” सूनबाई म्हणाली, पण या वेळी हळू आवाजात. तिला सासऱ्यांचं फार कौतुक वाटलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती ऐकलं ते विचारायची गरजच नव्हती.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” त्या कडाडल्या. “आणि मी मेली आयुष्यभर धसका घेऊन बसले! कुणी तो डबा उचलून बघायला लागला की मी आत पळायचे. एकदा तरी बोलायचं होतंत!”

“अगं, तुला वाईट वाटेल म्हणून...”

“वाईट वाटलंच की, रोज!” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुनेकडे वळल्या. “चढव तो. खरं काय ते लिही. कुणाच्या हातून पडला, तेही लिही.”

सूनबाईने कारखान्याच्या रेघेखाली दुसरी रेघ काढली, कारखान्याबाहेर बदललेल्या वाद्यांची, आणि तिच्यावर ते एकच वाद्य बसवलं.

रविवारी हॉल भरला होता. मास्तरांनी बटण दाबलं नाही, बायकोला पुढे केलं. सासूबाईंनी ते दाबलं आणि रेघ त्या वर्षापर्यंत आली तशी कुजबुज सुरू झाली. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता.

“मास्तर, म्हणजे आपलं खास मॉडेल खास नव्हतंच?”

मास्तर उठणार, तोच सासूबाईंनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं.

“मी पाडला तो,” त्या म्हणाल्या. “आणि यांनी मला सांभाळून घ्यायला एवढी मोठी थाप मारली, ती तुम्ही सगळ्यांनी जन्मभर खरी मानलीत. आता सांगा, असा दुसरा आहे का कुणाकडे?”

अध्यक्षांची बायको त्यांच्याकडे वळून बघत राहिली, आणि त्यांना खाली बसावं लागलं.