रशियन प्रतीतलं पाचवं वाक्य

हिल्का तुरुनेन चोवीस वर्षं फिनलंडमधल्या योएन्सूच्या प्रांतिक परिषदेत दुभाषी होती. सीमेपलीकडच्या रशियन प्रांताशी परिषदेचा मैत्रीकरार होता. तिकडून लाकूड यायचं, इकडून लाकूडकापणीची यंत्रं जायची, आणि वर्षातून दोनदा दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे जाऊन भाषणं ठोकायची. ही भाषणं एकमेकांना कळायची ती दोन बायकांमुळे. इकडून हिल्का आणि तिकडून तिथल्या व्यापार खात्यातली रिम्मा अर्काद्येव्ना.

पहिल्याच मेजवानीत दोघींची जुंपली होती. भात भरलेल्या पोळीची कड चिमटायची कशी, यावरून.

"ही काय पोळी? उसवलेला बूट दिसतोय," रिम्मा म्हणाली.

"तुझी आजी आमच्याकडेच शिकली असणार," हिल्कानं सुनावलं, "आणि तीही अर्धवट."

रिम्मा इतकी हसली की तिच्या मंत्र्यांचं भाषण मध्येच अडलं. तेव्हापासून दोघी 'तू'वर आल्या. हिल्काचा नवरा गेला तेव्हा रिम्मा रजा टाकून, दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून आली. आठवडाभर राहिली. सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. त्याचे कपडे घड्या घालून खोक्यांत भरले, चुलीशी उभी राहिली, हिल्काला दोन वेळा जेवायला बसवलं.

मग रशियानं दुसऱ्याच एका शेजारी देशावर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. मार्चमध्ये एका सकाळी परिषदेचे प्रमुख वेइयो एक कागद घेऊन हिल्काच्या टेबलाशी आले.

"करार संपवतोय. दुपारपर्यंत रशियन प्रत तयार कर."

चार वाक्यं होती. हिल्कानं ती दोनदा वाचली.

"वेइयो, चोवीस वर्षं झाली. आभाराचा एक शब्द तरी घाल."

"तिकडे रणगाडे निघालेत, हिल्का. आभार कसले?"

"रिम्मानं पाठवलेत का रणगाडे?"

"मला कळत नाही का? पण पत्र रिम्माला जात नाहीये, सरकारला जातंय."

त्यांचं बरोबर होतं. युद्धाच्या बातम्या बघून हिल्कालाही झोप लागत नव्हती. करार मोडायलाच हवा, असं तीही म्हणाली असती. पण चौथं वाक्य उतरवून झाल्यावर तिची बोटं थांबली नाहीत. 'रिम्मा अर्काद्येव्ना यांनी इतकी वर्षं दिलेली साथ आम्ही कधीही विसरणार नाही,' असं तिनं रशियनमध्ये लिहिलं. फिनिश प्रतीत हे वाक्य नव्हतं. वेइयोंना रशियन येत नव्हतं. त्यांनी दोन्ही प्रतींवर सही केली आणि पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रिम्मा! अगं, किती वाट बघितली तुझी."

"श्रीमती तुरुनेन, मी बहिणीच्या फोनवरून बोलतेय. तुम्हाला थोडंच सांगायचंय."

"तुम्ही? मला 'तुम्ही' म्हणतेस?"

"आमच्याकडे दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एक वाक्य जास्तीचं निघालं. मला विचारलं, परदेशी सरकारला एकट्या तुझीच एवढी आठवण का येते? इतकी वर्षं काय पुरवत होतीस त्यांना? मी काय सांगू? पोळ्या?"

रिम्मा पुढे बोलत राहिली.

"माझी नोकरी गेली. जावयालाही चौकशीला बोलावलंय. हात जोडते, लिहू नका, फोन करू नका. कुणाबरोबर काही पाठवूही नका."

"रिम्मा, मी प्रेमानंच गं..."

"ठाऊक आहे मला." एवढ्यापुरता तो आवाज जुना होता. "म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही."

फोन बंद झाला.

हिल्का उठून थेट वेइयोंकडे गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"दुसरं पत्र पाठवू या," ती म्हणाली. "लिहू, की वाक्य माझं होतं, तिचा काही संबंध नाही. माझ्यावर काय कारवाई करायची ती कर."

"आणखी एका सरकारी कागदावर तिचं नाव?" वेइयोंनी हळूच विचारलं.

हिल्कानं तो विषय पुन्हा काढला नाही. मे महिन्यात तिनं राजीनामा दिला. वेइयोंनी थांबवून पाहिलं, ती थांबली नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर बाजारात ग्लेब भेटला. हा तिकडचा लाकडाचा व्यापारी, आता बायकोमुलांसह इकडेच राहायला आला होता. रिम्मा लेकीकडे राहते, तो म्हणाला. जावई सुटला, पण घरात तिच्याशी बोलत नाही. ती एका इस्पितळात चादरी धुते.

"माझं कधी काही विचारते?"

ग्लेबनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जाते, हिल्का. तिकडे राहिलेल्या माझ्या बहिणीनं पाहिलंय."

"बरं करते," हिल्का म्हणाली.

डिसेंबरात रिम्माला साठ वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी हिल्कानं सकाळीच फोन बंद करून शेजारणीकडे ठेवायला दिला आणि संध्याकाळपर्यंत मी मागितला तरी देऊ नको म्हणून बजावलं. मग फावडं घेऊन ती अंगणात उतरली. आपल्या दारातलं बर्फ उपसून झालं तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते, म्हणून ती शेजारणीच्या दारातलं उपसू लागली.