दुधाशेजारचा डबा

मनूला शी कधी होते याची वाट बघण्यात ज्योत्स्नाचा अख्खा रविवार चालला होता.

पोर दीड वर्षाची. गेल्या आठवड्यात ताप आला, बाजाराच्या गावच्या डॉक्टरनं कमरेत सुई टोचली, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उचलून खाली ठेवली तर डावा पाय ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. ज्योत्स्नानं तिला पुन्हा उभं केलं, ती पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उभं करून बघायचा धीर झाला नाही.

पोलिओच्या डोसचा एकही रविवार तिनं चुकवला नव्हता. शाळेचं दार उघडायच्या आधी मनूला कडेवर घेऊन ती पायरीवर हजर असायची. तानुबाई सिस्टर हसायच्या, "आलं बघा आमचं पहिलं गिऱ्हाईक." आणि आता गल्लीतल्या बाया पाय बघायला यायच्या, चुकचुकायच्या, आणि जाताना एकमेकींना म्हणायच्या, "डोस पाजून काय उपेग झाला मग?" हे ज्योत्स्नाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या.

तानुबाईंनीच वर कळवलं होतं. शनिवारी जळगावचे डॉक्टर जीपनं आले. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव, चोपड्यापासून पुढं, मध्ये दोन नाले; इथं जळगावचा डॉक्टर एका पोरीसाठी येतो म्हटल्यावर अर्धी गल्ली दारात जमली. त्यांनी मनूचे दोन्ही गुडघे हातोडीनं ठोकून पाहिले. सुई नेमकी कुठं दिली ते विचारलं. मग एक निळा डबा पुढं ठेवला. आत बर्फाच्या चार सपाट बाटल्या आणि मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, कागद गुंडाळलेल्या दोन छोट्या झाकणाच्या डब्या.

"एका दिवसाच्या अंतरानं दोनदा शी लागेल. डबीत भरायची, झाकण घट्ट, आणि थंडच राहिली पाहिजे. डबा डोसवाल्यांच्यासारखाच आहे, पण यात परत डोस ठेवत नाहीत. म्हणून ही लाल पट्टी."

"यावरून कळेल, पोलिओ आहे का?"

"मुंबईची लॅब सांगेल. पूर्वी आम्ही पाय बघायचो आणि लिहून टाकायचो, पोलिओ. दुसरं काय करणार, तपासायला होतं काय? आता बाहेरच्या देशांनी यंत्रं दिली, आपली माणसं शिकवून घेतली. आणि नुसतं देऊन थांबत नाहीत हं. दर वर्षी तिकडून काही बाटल्या येतात, कशात काय आहे ते न सांगता. आपल्या लोकांनी ओळखायचं. चुकले तर लॅबचं नाव कापतात."

ज्योत्स्ना बी.एस्सी. होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ओळखायला दिलेलं पांढरं मीठ तिला आठवलं. कुणीतरी मुंबईलाही नापास करू शकतं, याचा तिला आधार वाटला.

"आणि शी गरम झाली तर?"

"तर लॅबच लिहिते, नमुना खराब. मग आम्ही चार जण टेबलाभोवती बसून ठरवतो, असेल की नसेल." डॉक्टरांनी मनूच्या तळपायाला बोट लावलं. "ते ठरवणं मला आवडत नाही."

जीप गेल्यावर सासूबाई, भिकुबाई, कमरेवर हात ठेवून डब्याकडं बघत राहिल्या. "मी जन्ममा मंबई देखी नई, नी मनी नातनी हागी मंबईले चालनी," त्या म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्याला लावला.

पहिली डबी शनिवारीच भरली. दुसरीसाठी रविवार उजाडल्यापासून ज्योत्स्ना मनूला घेऊन बसली होती. केळ दिलं, कोमट पाणी दिलं, पोट चोळलं. बाहेर पावसानं झोड उठवली होती. आरोग्य केंद्राचा लोटन दुपारच्या एस्टीनं बर्फाच्या नव्या बाटल्या घेऊन येणार होता. तिचा नवरा लीलाधर त्याच एस्टीवर कंडक्टर. एस्टी आलीच नाही. तानुबाईंनी येऊन सांगितलं की दोन्ही नाले भरून वाहताहेत, गाडी चोपड्यातच थांबली आहे.

"तुमच्या उपकेंद्रात फ्रीज?"

"बाई, उपकेंद्रात मला बसायला खुर्ची नाही," तानुबाई म्हणाल्या. "डबा उघडू नका सारखा. जेवढा उघडाल तेवढी थंडी जाते."

आणि त्या गेल्या न गेल्या तोच मनूनं दुसरी शी केली. डबी ठेवायला डबा उघडावाच लागला. ज्योत्स्नानं बर्फाची बाटली हातात घेतली. आत खळखळलं. चारही बाटल्यांत पाणी झालेलं. मध्ये कुठं एखादा खडा.

गावात फ्रीज एकच, भिंतीला भिंत लागून असलेल्या घेवरचंद शेटजींच्या घरात. डबा पदराखाली धरून ज्योत्स्ना त्यांच्या ओटीवर चढली.

शेटजींची बायको मोहनबाई भिंतीला टेकून माळ ओढत होत्या. त्यांची अठाई, जैनांचा आठ दिवसांचा उपास, चालू होती. आठ दिवस पोटात अन्न नाही, दिवसा उकळून गार केलेलं पाणी तेवढं. हा शेवटचा दिवस. तोंड चिमणीएवढं झालेलं, आवाज मात्र होता तसाच.

"ये बेटी. पोर कशी आहे?"

"तशीच आहे, काकीजी. थोडा बर्फ हवा होता."

"बर्फ?" मोहनबाईंनी माळ थांबवली. "एवढ्या वर्षांची शेजारीण तू. आमच्यात बर्फ करत नाहीत, खात नाहीत, ठाऊक नाही तुला? नातवंडं रडली तरी मी त्या वरच्या खणात पाणी ठेवू देत नाही."

ज्योत्स्नाला ते ठाऊक होतं. धावत येताना आठवलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, आणि पदराखालून निळा डबा दिसला.

"हे काय, डोसचा डबा? सिस्टरनं तुझ्याकडं ठेवला? अगं मग बर्फ कशाला, फ्रीजमध्ये ठेव ना. लहान मुलांचं औषध, वाया जाईल ते." आणि ज्योत्स्ना काही बोलायच्या आत त्यांनी मुलाला हाक मारली. "निर्मल, हे आत ठेव रे. संभाळून."

निर्मलकुमारनं डबा मोठा म्हणून आतली प्लास्टिकची पिशवीच बाहेर काढली. दोन्ही डब्यांवर डॉक्टरांनी कागद गुंडाळलेला होता, आतलं दिसत नव्हतं. त्यानं मधल्या कप्प्यात पातेलं सरकवून पिशवी ठेवली. दार लागलं. दार लागता लागता ज्योत्स्नाला पातेलं दिसलं. दुधाचं होतं.

"उद्या माझं पारणं," मोहनबाई म्हणाल्या. "मुगाचं पाणी आणि घोटभर दूध. ते दूध तेवढं सांडू नका रे."

ज्योत्स्ना घरी आली. भिकुबाईंनी विचारलं, काम झालं का, तर तिनं मान डोलावली. मनू पाटावर बसून उजव्या पायानं वाटी ढकलत होती. डावा पाय बाजूला पडलेला, जणू दुसऱ्या कुणाचा.

झाकणं घट्ट होती. तिनंच लावली होती. वर पिशवी, पिशवीला गाठ. त्यातून काही बाहेर येणार नाही, दुधाला काही होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. उद्या सकाळी लोटन येईल, पिशवी घेऊन जाईल, कुणाला कळायचं कारण नाही. सांगितलं तर? सांगितलं तर मोहनबाई पिशवी बाहेर काढायला लावतील. त्यांच्या जागी कोणीही लावेल. मग नमुना खराब. मग चार डॉक्टर टेबलाभोवती बसतील आणि आपण जन्मभर पोरीच्या पायाकडं बघत राहू, असेल की नसेल.

तिनं मनूच्या पायाला हात लावला. थंड होता का? दुसऱ्याला लावून पाहिला. दोन्ही सारखेच. पुन्हा लावून पाहिला.

"काय व्हयनं?" भिकुबाई चुलीपुढून बघत होत्या.

ज्योत्स्नानं सांगितलं. भिकुबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"दूधजोडे?"

"हो."

"आठ दिननी उपाशी बाई शे ती," भिकुबाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडं पाठ करून बसल्या.

दिवस मावळायला थोडा अवकाश होता. शेटजींच्या घरी दिवस असेतोच जेवणं उरकायची, भांड्यांचा आवाज भिंतीतून येत होता. म्हणजे आता कुणीतरी फ्रीज उघडणार. ज्योत्स्नानं मनूला कडेवर घेतलं आणि निघाली. पोरीला का घेतलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. बहुतेक, पोर कडेवर असली की बाई आपल्याला हाकलणार नाही, असं वाटलं असावं.

"काकीजी, ते डोस नाहीत," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मनूची शी आहे. मुंबईला तपासायला जायची आहे. मी मघाशी बोलले नाही."

आत निर्मलकुमारच्या हातून झारा पडला. घेवरचंद शेटजी ताटावरून अर्धे उठले. मोहनबाई हलल्या नाहीत. त्यांनी मनूच्या लोंबत्या पायाकडं पाहिलं, मग ज्योत्स्नाकडं.

"तुझं तोंड तेव्हा कुठं होतं?"

ज्योत्स्नानं मनूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी उद्या ते दूध तोंडाला लावलं असतं. तू भिंतीपलीकडं बसून ऐकलं असतंस, माझं पारणं चाललंय ते."

"म्हणून तर आले."

"मेहरबानी केलीस."

शेटजी म्हणाले, "निर्मल, काढ ती पिशवी. बाहेर ठेव."

ज्योत्स्नानं मनूला घट्ट धरलं. पोर कुरकुरली. "बाहेर काढली तर खराब होईल, शेटजी. मग परत काही कळायचं नाही. पोलिओ आहे की सुईनं झालंय, काहीच." तिला रडू आवरेना, पण ती उंबऱ्यातून हलली नाही.

पावसाची धार पन्हळीतून ओटीवर पडत होती. मग मोहनबाई भिंतीला धरून उठल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्यांना एवढ्या झटक्यात उठताना पाहिलं.

"दूध काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "साय काढ, तूप काढ. सगळं काढ. पिशवी राहू दे."

"अगं पण..." शेटजी म्हणाले.

"एकदा बाटलंय ना? मग बाटलंय. आता बाहेर काढून ते चोख होतं का? उगाच पोरीचं नुकसान. लाइट गेली तर दार उघडू नका, गारवा राहील." आणि ज्योत्स्नाकडं वळून, "तू जा. मला तुझ्याशी बोलायचं नाही."

रात्री लाइट दोनदा गेली. दोन्ही वेळा ज्योत्स्ना भिंतीला कान लावून बसली, फ्रीजची घरघर परत सुरू होईपर्यंत.

सकाळी नाले उतरले. लोटन डोक्यावर डबा घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आला. पिशवीला हात लावून म्हणाला, "गार आहे की चांगली," आणि नव्या बर्फात ठेवून लगेच परत फिरला. भिकुबाई त्याच्या आधीच उठून म्हशीखाली बसल्या होत्या. धारोष्ण दुधाचा तांब्या त्यांनी स्वतः शेजारी नेला. परत आल्यावर ज्योत्स्नानं विचारलं, घेतलं का त्यांनी.

"लिनं," भिकुबाई म्हणाल्या. "तोंड वाकडं करीसन लिनं. मी सांगं, म्हैस तुमनं-आमनं करस नई."

त्या दिवसापासून मोहनबाई ज्योत्स्नाशी बोलेनाशा झाल्या. ओटीवर समोरासमोर आल्या तर माळ ओढायच्या. फ्रीज त्यांनी राखेनं, कढत पाण्यानं धुवून घेतला आणि तरीही स्वयंपाकघरात परत येऊ दिला नाही. तो ओटीवर उभा राहिला, रिकामा, वायर दाराला गुंडाळलेली. "एवढी महाग चीज," शेटजी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "अन् हिला पाहुण्यासारखी बाहेर बसवलीय."

ज्योत्स्ना रोज पोस्टाची वेळ झाली की दारात. गणपती बसले, उठले. मनू रांगायला लागली, पण डावा पाय ओढत. तानुबाईंनी शिकवलेले व्यायाम ज्योत्स्ना इतक्यांदा करून घ्यायची की पोर तिला बघितलं की पाय आखडून घ्यायची.

मग एका दुपारी डॉक्टरांची जीप आली. या वेळी ते शेटजींच्या ओटीवरच, फ्रीजला टेकून उभे राहिले; ज्योत्स्ना मनूला घेऊन तिथंच गेली.

"दोन्ही नमुने थंड पोचले. लॅबनं तसं लिहिलंय. पोलिओ नाही. सुईनं शीर दुखावली असावी."

"मग पाय येईल?"

"बऱ्याचदा येतो. वेळ लागतो."

बऱ्याचदा. ज्योत्स्नानं तेवढाच शब्द धरला आणि तोच टोचत राहिला. जीप गेली, बाया पांगल्या. ती तिथंच पायरीवर बसली. मनू तिच्या मांडीवरून उतरून ओटीवर रांगत गेली.

"काय म्हणाली तुझी मुंबई?" आतून आवाज आला. किती दिवसांनी.

"पोलिओ नाही म्हणाली, काकीजी."

मोहनबाई दारात आल्या. "मग रडतेस कशाला?"

"पाय येईलच असं नाही म्हणाले."

मोहनबाई ज्योत्स्नाच्या पलीकडं बघत होत्या. मनूनं फ्रीजच्या दाराला गुंडाळलेली वायर धरली होती आणि स्वतःला वर ओढत होती. उजवा पाय रोवला. मग एक हात वायरला, एक हात दाराच्या मुठीला. उभी राहिली. डावा पाय चवड्यावर टेकलेला, टाच अधांतरी.

ज्योत्स्ना उठायला गेली. मोहनबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबला.

"बस. धरू नकोस तिला."

दोघी बघत राहिल्या. मनूचा गुडघा थरथरत होता. टाच किंचित खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली यायला लागली. ज्योत्स्नाच्या खांद्यावरचा हात अजून तसाच होता.