चार बोटं कमी

माझ्यावर बसण्याआधी जरा थांबा. मी लाकडी खुर्ची. आयुष्यभर लोकांना बसवून घेतलं आणि त्यांचं ऐकून घेतलं. आज तुम्ही उभे राहा, मी बोलते. दुसऱ्याच्या घरातलं बाहेर सांगू नये, एवढं मलाही कळतं. पण मी त्या घरातलीच आहे, आणि आता पोटात मावत नाही.

एका सुताराच्या दुकानात माझा जन्म झाला. कपडे शिवणारी एक बाई मला करून घ्यायला आली होती. वय अगदी तरुण, पण गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे.

"उंच कर रे दादा," ती म्हणाली. "खाली बसले की मला उठवायला माणूस लागतं. आणि हात रुंद ठेव, टेकून उठता आलं पाहिजे."

"ताई, खुर्ची करू की सिंहासन?"

"सिंहासनावर बसून कुणी काजं-बटणं करत नाही. तू खुर्चीच कर."

अशी मी चारचौघींपेक्षा उंच झाले आणि तिच्या शिवणयंत्रापुढे येऊन बसले. घरात मुलगा एकुलता एक. नवरा बदलीच्या नोकरीत, पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. मुलाला सगळे पोपट म्हणायचे, कारण ऐकलेलं सगळं त्याला पाठ. पण घाई भारी! शब्दाचं शेपूट गिळून पुढच्या शब्दावर उडी.

शाळेच्या नाटकात त्याला काम मिळालं आणि घरात तालमी सुरू झाल्या. बाकीची सगळी पात्रं आईकडे. तोंडात टाचण्या धरून ती राजा व्हायची, चोर व्हायची, एकदा तर झाडसुद्धा झाली. पोपटाने शब्द गिळला की, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या अंगुस्तानाने माझ्या उजव्या हातावर टक! म्हणजे थांब, मागे जा, शब्द पुरा कर. टकटक करून तिथे खळगा पडला. मला दुखायचं नाही असं नाही, पण कौतुक वाटायचं. आपल्याही अंगावर कुणाचं तरी शिक्षण चाललंय.

पुढे तो खऱ्या रंगभूमीवर गेला. तरी नव्या नाटकाचे कागद हातात पडले की आधी घरी यायचा. "आई, बस खुर्चीत. आज तू माझी बायको आहेस, आणि भांडायचंय." ती हातातलं शिवण बाजूला ठेवून असं भांडायची की खालच्या मजल्यावरचे दार ठोठावायचे. पहिल्या प्रयोगाला ती तिसऱ्या रांगेत बसायची आणि तिथेही बोट चालूच. शेजारचा प्रेक्षक वैतागला, असं घरी येऊन तीच हसत हसत सांगायची.

मग आली मालिका. पैसा आला, त्याचं वेगळं मोठं घर आलं, गाडी आली. पोपट मात्र येईनासा झाला. आला एकदा, तेव्हा ही हौसेने माझ्यावर येऊन बसली. "काढ कागद."

"कागद सेटवर मिळतात, आई. अर्धं तर ऐन वेळी कुणीतरी मागून सांगतं."

"मग तू करतोस काय?"

"चेहरा."

तिने अंगुस्तान काढून डबीत ठेवलं.

त्या मालिकेत त्याला एक आई होती. गोरीपान, मऊ बोलणारी. तो रोज तिचे पाय चेपायचा. वाण्याच्या दुकानात एक बाई आमच्या हिला म्हणाली, "किती करतो हो तुमचा मुलगा त्याच्या आईचं!" ही घरी आली, माझ्यावर बसली आणि खूप वेळ पिशवी हातातच धरून राहिली.

एक दिवस पोपटाचा फोन आला. त्याच्या लहानपणावर कार्यक्रम होणार होता, घरातल्या तालमीचा प्रसंग उभा करायचा होता. "उद्या गाडी घेऊन येतो, आई." एवढंच म्हणाला आणि ठेवला. सकाळी ही ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, डबीतलं अंगुस्तान बोटात घालून तयार. दाराशी गाडी थांबली. पोपट आला, सोबत दोन हमाल.

"ही खुर्ची," तो त्यांना म्हणाला. "जपून."

"आणि मी?"

"तू? अगं, दिवसभर दिव्यांखाली बसवणार आहे का तुला? गुडघे बघ तुझे."

"खुर्ची असेलच की तिथे बसायला."

तो हसला. हमालही हसले. ती नाही हसली. तिने फडकं आणून मला पुसलं, खळग्यातसुद्धा. मग मी जिन्याने खाली गेले.

सेटवर माझ्यावर कोण बसली, सांगायला नकोच. मालिकेतली आई. बाई वाईट नव्हती हो. दमलेली होती, बसताना "हुश्श" म्हणाली. पण मी उंच, त्यामुळे शेजारी उभा पोपट कॅमेऱ्यात बुटका दिसायला लागला.

"पाय चार बोटं कापू या का?" सेटवरच्या सुताराने विचारलं.

मी पोपटाकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, मी उंच का आहे ते. लहानपणापासून ठाऊक होतं.

"काप रे," तो म्हणाला. "जुनीच आहे."

करवत लागली तेव्हा तो चेहऱ्याला रंग लावून घेत होता.

मग प्रसंग सुरू झाला. त्या बाईने अंगठीने माझ्या खळग्यावर टक केलं. पोपट थबकला. गिळलेला शब्द त्याने आपसूक पुरा केला, आणि पुढचं सगळं विसरला. डोळ्यांत पाणी. "वा!" दिग्दर्शक ओरडला, "पण दिवा गेला, पुन्हा घेऊ." दुसऱ्यांदा तो त्याच जागी रडला. तिसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षाही सुरेख. माझ्या हातावर तीन वेळा पाणी पडलं. त्यातलं खरं कोणतं, मला विचारलंत तर सांगेन. पण कुणी विचारलं नाही.

कार्यक्रम लागायचा त्याच दिवशी हमालांनी मला परत आणून टाकलं. कार्यक्रम लागला तेव्हा ती माझ्यावर बसूनच बघत होती. बसताना जरा जास्तच खाली गेली. कार्यक्रम संपला आणि फोन वाजला.

"पाहिलंस, आई? कसा झाला?"

"छान झाला, पोपटा. त्या बाईला आई म्हणताना कुठे अडखळला नाहीस. शब्द पुरा."

पलीकडे तो खूश झाला. "खुर्ची नीट पोचली ना?"

"पोचली."

फोन ठेवून तिने माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकले. जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. मग तशीच बसून राहिली, शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत. शेजारणीने विचारलं, "हे पाय कुणी कापले?" तर म्हणाली, "मीच म्हातारी झाले गं."

आता माझ्या पायांखाली विटा आहेत. मी डगमगते, म्हणून ती धसक्याने माझ्या हातांवर जोर देत नाही. संध्याकाळी मात्र अंगुस्तान घालून बसते आणि मधूनच टक करते. शब्द पुरा करायला समोर कुणी नसतं.

पोपटा, कधी आलास तर आधी बसू नकोस. हात पुढे कर. तिला उठायचंय.