रेसवरचा पाय

"सवतीचं तोंड पुसायला बाप-लेक दोघं, आणि घरचा ओटा पुसायला मी एकटी," आई माझ्या कानाशी पुटपुटली. मला ऐकू यावं इतपत मोठ्याने, पण उत्तर द्यावं लागू नये इतपत हळू. हे माप तिला बरोबर जमतं.

सवत म्हणजे बाबांची गाडी. माझ्याहून वयाने मोठी आणि माझ्याहून चांगल्या रंगात. तिच्या डॅशबोर्डखाली मी उताणी पडले होते, दातात विजेरी धरून. चाळिशीच्या बाईने अशा जागी शिरू नये. शिरणं जमतं, निघायचं असतं तेव्हा सगळं घर बोलवावं लागतं.

मी कुकर, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करते. शिकवलं कुणी नाही. वस्तू उघडायची, परत जोडायची आणि उरलेले स्क्रू डब्यात टाकायचे. काही वर्षांनी स्क्रू उरायचे थांबले, तेव्हा दारावर पाटी लावली. त्यामुळे बाबांनी वायपरचं काम मलाच सांगितलं, यात कुणाला नवल वाटलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, भुरभुर पावसात, बाबांनी गाडी उताराखालच्या बेकरीच्या भिंतीवर घातली. भिंतीला टेकवलेली एक सायकल मधे सापडून पापडासारखी झाली. तिचा मालक पाव घ्यायला आत गेला होता. एक पाव जास्त घेतला म्हणून वाचला, असं तो हसत सगळ्यांना सांगत होता. मला ते हसू अजून झोपू देत नाही.

"वायपर ऐन वेळी थांबला," बाबा म्हणाले. "समोरचं दिसेना. मी तर रेसच्या पेडलवरून पाय कधीच काढला होता, ब्रेकही दाबला होता."

झालं. वायपरने केलं. दादाने फोनवर तेच म्हटलं, आईने शेजारी तेच सांगितलं, आणि मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

आता त्या वायपरची गंमत अशी की त्याला वीज लागत नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीतला एक घोट रबरी नळीने वायपरच्या डब्यात येतो. डब्यात चामड्याची कड लावलेली एक पट्टी असते, ती त्या ओढीने इकडून तिकडे झुलते आणि काचेवरचा वायपर हलवते. पण रेस दाबली, की इंजिनाचा घसा मोकळा होतो आणि ओढ मरते. वायपर रेंगाळतो, चढावर तर ठार उभा राहतो. पाय उचलला की मात्र सुटतो तो कुत्रं मागे लागल्यासारखा. हे मला बाबांनीच शिकवलं, मी शाळेत असताना. "काच पुसायची असेल तर पाय उचलायचा," ते म्हणायचे.

म्हणजे वायपर थांबला असेल, तर पाय रेसवर होता. आणि पाय उचललेला असेल, तर वायपर थांबणार नाही. हे बाबांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी हे वाक्य अर्ध्यावर ठेवून दिलं होतं.

मी मनात एकच नवस बोलत होते, की नळीला मोठं भोक सापडू दे, म्हणजे दोष पायावर येणार नाही. भोक सापडलंही, पण टाचणीएवढं. दुरुस्तीच्या आधी मी इंजिन चालू करून पाहिलं, तर पाय काढल्यावर तो म्हातारा वायपर रडतखडत का होईना, पण फिरत होता. मी इंजिन बंद केलं आणि इकडेतिकडे पाहिलं, जणू मीच चोरी केली होती.

मग कामाच्या आड लपले. डबा स्वयंपाकघरात आणला, वाळून खडखडीत झालेलं चामडं एरंडेलात दोन दिवस भिजवलं, नळी नवी कापली. जोडून झाल्यावर नळीचं टोक तोंडात धरून हवा ओढली. टेबलावरच्या डब्याची वायपर हलवणारी दांडी टुणकन उडाली.

"अगं बाई!" आई म्हणाली. "म्हणजे पाऊस आला की बॉनेटवर बसून तू ओढत राहणार?"

बाबा पोट धरून हसले. हसत हसतच उठून फाटकापर्यंत जाऊन आले. येताना त्यांची एक चप्पल वाटेत राहिली, आणि ते तसेच, एका चपलेने, खडीवरून आत आले. आई उठली, चप्पल उचलून आणून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांच्या टाचेला पट्टी होती. गरम पाण्याच्या पिशवीने पोळलं, असं आईने मला नंतर सांगितलं, आणि लगेच भाजीचं काढलं.

"रविवारी छकुली येतेय," बाबा म्हणाले. दादाची मुलगी, सहा वर्षांची. "स्टेशनवर मीच जाणार. पुढे बसायचंय म्हणते, आजोबांच्या शेजारी."

त्या रात्री दादाला फोन केला. "तू वायपर नीट कर ना," तो म्हणाला. "गाडी काढून घेतली तर बाबा खचतील गं." पुढे बसणारी मुलगी त्याचीच आहे, असं मी म्हणणार होते. पण आमच्या घरात सगळ्यांची जीभ शहाणी आहे.

शनिवारी दुपारी पाऊस भुरभुरायला लागला, वायपर पावसात चालवून बघायची संधीच. बाबा बूट घालून, बुटांना पॉलिश करून तयार. मी शेजारी बसले. आई कधी नव्हे ती मागे येऊन बसली, मांडीवर पिशवी आवळून. "मला दळण टाकायचंय," म्हणाली. पिशवी रिकामी होती.

फाटकातून निघताना वायपर सुंदर चालला. सर्र, सर्र. "वा!" बाबा म्हणाले. "लेक असावी तर अशी."  मी काचेपलीकडे बघतच नव्हते, मी वायपरकडे बघत होते.

पाण्याच्या टाकीपाशी उतार लागला.

"बाबा, पाय उचला."

"उचललाय."

वायपर संथ झाला. काचेच्या मध्यावर आला आणि थांबला. इंजिनाचा आवाज चढत गेला.

"बाबा, पाय."

"अगं, उचललाय म्हणतो ना! तुझंच काम कच्चं. बघ, थांबला परत!"

मी खाली पाहिलं. तो चकचकीत काळा बूट रेसवर होता, पार तळापर्यंत दाबलेला. वर पाहिलं, तर बाबा समोर बघत होते, अगदी प्रामाणिक चेहऱ्याने. खोटं बोलत असते तर मी एवढी घाबरले नसते.

काचेवर थेंबांची जाळी झाली होती. तिच्यातून खाली बेकरीजवळ एक छत्री रस्त्यात उतरताना दिसली. छत्रीखाली कोण होतं ते दिसलं नाही. मागून आईचा आवाज आला, "अहो!" एवढाच.

मी वाकले. दोन्ही हातांनी त्यांचा बूट धरला आणि ओढला. पाय धान्याच्या पोत्यासारखा आला. तोच बूट ब्रेकवर ठेवून मी वरून अंगाच्या भाराने दाबला. डोक्यावर वायपर वेड्यासारखा फडफडला, सर्रसर्रसर्र, मग गाडीने आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

मी डोकं वर काढलं. छत्री बॉनेटपासून दोन हातांवर होती. तिच्याखालच्या बाईने आमच्याकडे पाहिलंदेखील नाही. ती बेकरीत गेली.

काचेवर पाऊस साचत होता. 

"थांबली कशी?" बाबांनी विचारलं. "तू काय केलंस?"

"तुमचा पाय उचलला."

"कधी?"

 मागे आई पिशवीत तोंड घालून रडायला लागली होती. बाबांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, जणू कुणीतरी विसरून गेलेलं सामान असावं.

"मला पाय कळत नाहीत," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. बघितल्याशिवाय कुठे आहेत ते समजत नाही गं, आणि गाडी चालवताना खाली बघता येत नाही."