निसण्यावरचा कवडसा

पिकल्या शाळूतून सकाळचं वारं गेलं की पात्याला पातं घासून जो कोरडा, हलका आवाज उठतो, तोच अंबादास नानांच्या वस्तऱ्याचा आवाज होता. बेंबळी गावात चिंचेखाली, आपल्या घराच्या भिंतीला पाठ देऊन ते पोत्यावर बसत. तळहाताएवढ्या काळ्या दगडावर, म्हणजे निसण्यावर, चार थेंब पाणी शिंपडत आणि वस्तरा त्यावरून असा नेत, की जणू दगडाच्या कानात काही सांगताहेत. मी कोयत्याचा माणूस. ढोकीच्या कारखान्याला ऊस तोडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. लोखंडाचा आरडाओरडा माझ्या ओळखीचा. लोखंड कुजबुजतं, हे मला त्या चिंचेखाली कळलं.

नाना अंगानं वाळक्या शेंगेसारखे. पण ओल्या दोन बोटांनी त्यांनी हनुवटी वर उचलली, की गावातला सगळ्यांत तोंडाळ माणूससुद्धा देवळात उभा राहिल्यागत गप्प होई. मीही होत असे, आणि मी कुणापुढं गप्प बसणारा नव्हे. गळ्यावरून ती थंड धार उतरताना डोळे मिटावेत, वर चिंचेचा पाला हलावा, आणि एका माणसाच्या हाती आपला जीव निर्धास्त सोपवावा, असं सुख मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही.

मग काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले आणि डोळ्यांमागोमाग हातांना कंप सुटला. त्यांचा पोरगा सोलापुरात दुकान चालवतो, अर्धं ब्लेड लावतो आणि फेकून देतो. त्याला निसणा नको होता. वस्तरा धोकटीत, त्या जुन्या चामडी पिशवीत, निजून राहिला. खंडेनवमी जवळ आली तशी मी नानांना म्हणालो, की हत्यारं पुसून ठेवा, पूजा करायची. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. "धार नसलेलं हत्यार म्या देवापुढं ठेवत न्हाय किसन. औंदा वस्तरा धोकटीतच."

सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या घरी वस्तऱ्यावाचून पूजा झाली नव्हती. मला ते सोसलं नाही. पारावर चारचौघांत मी बोलून गेलो, की ज्यानं जन्मभर कोयता पाजवला त्याला हे बोटभर पातं काय जड! शब्द तोंडातून गेला आणि माझ्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यापुढं निसणा घेऊन बसू लागलो. पातं दगडावर सपाट निजवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. धार पुढं करून न्यायचं, टोकाला पाठीवर पालटायचं, धारेवरून कधीच नाही. मग चामोट्याच्या कातडी पट्ट्यावर उलट, पाठ पुढं. ऐकायला एवढंच. पण माझ्या मनगटात चाळीस वर्षांचा कोयता मुरलेला. कोयत्याला कानस मारताना हात तिरका धरावा लागतो, अंगाचं वजन टाकावं लागतं. मी निसण्यावर पातं ठेवी आणि दोन हात मारले की त्याची पाठ आपोआप वर उठे. नाना आंधळे, पण लगेच मान हलवत.

"उठली पाठ."

"तुमाला काय दिसतंय नाना?"

"दिसाया कशाला पायजे? ऊस तोडल्यावानी वाजतंय की! वस्तरा हाय त्यो गड्या, कांडं न्हाय."

बायका-पोरं हसत. मी दात खाऊन पुन्हा सुरू करी. सकाळचं ऊन ओल्या पात्यावर पडे आणि समोरच्या भिंतीवर एक कवडसा नाचू लागे. मला त्या नाचऱ्या उजेडाचा राग येई. पंधरा दिवस झाले. मनगट सुजलं, दगड झिजला, माझा ताठा तेवढा झिजला नाही. नखावर धार टेकवली की घसरून जाई, दंडावरचा केस नुसता वाकून पुन्हा उभा राही, मला खिजवल्यासारखा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी वस्तरा घरी नेला, दार लोटलं आणि त्याला कानस मारली.

हे लिहिताना आजही हात जड होतो. कोयत्याचं लोखंड कानस मानतं. वस्तऱ्याचं पोलाद मानत नाही. कानस किंचाळत घसरली आणि धारेला बारीक दात पडले. तरी मी, हट्टाचा मेरुमणी, तो पुसून नानांच्या हातात नेऊन दिला आणि लागली धार म्हणालो. थरथरत्या अंगठ्याचं नख त्यांनी धारेवरून नेलं. नख अडलं. पुन्हा अडलं. त्यांनी शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. त्यांनी वस्तरा धोतराच्या सोग्याला पुसला, हळूच मिटला आणि लेकराला कुशीवर निजवावं तसा धोकटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाटावर कात्री होती, फणी होती, नखं काढायची नराणी होती, पितळी वाटी होती, झेंडूची फुलं होती. मधोमध वीतभर जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेलाही नानांनी हळदकुंकू वाहिलं.

मी आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. नवव्या दिवशी काठी टेकत, वाट चाचपत ते माझ्याच दारी आले, काखेत धोकटी. "कानशीचं दात जायाला दोन-तीन म्हयनं लागतील," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. वस्तरा माझ्या हातात दिला तो परत घेतला नाही, आणि रोज सकाळी तिथंच येऊन बसू लागले. शाळू पोटरीत आला, निसवला, हुरड्याला आला. मी निसत होतो, ते ऐकत होते, आणि "उठली" हा एकच शब्द माझ्या सकाळींवर गारेसारखा पडत होता. दात हळूहळू बुजले. एके दिवशी रागानं मान वर केली तेव्हा ध्यानात आलं, की पाठ उठते त्याच क्षणी माझ्या घराच्या भिंतीवरचा कवडसा उडी मारतो. ज्या उजेडावर मी चिडत होतो, तोच इतके दिवस मला चूक दाखवत होता.

शाळू काढणीला आला आणि नाना गेले. आदल्या सकाळीही त्यांनी "उठली" म्हटलं होतं.

आता कवडसा भिंतीवर सरळ रेघेत जातो, सरळ रेघेत परत येतो. दंडावरचा केस टेकताच तुटतो. पात्यातून शाळूसारखा आवाज येतो, असं मला वाटतं. पण नुसतं वाटतं. पुन्हा खंडेनवमी तोंडावर आली आहे आणि हा वस्तरा पाटावर ठेवायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. मी चार थेंब पाणी टाकतो, दहा हात मारतो, थांबतो आणि रिकाम्या उंबऱ्याकडं बघतो. गेलेल्या माणसाचा आवाज आपल्या कानात बराच काळ राहतो. त्याचा कान मात्र त्याच्याबरोबरच जातो, आणि मागं राहिलेल्याचं काम मग कितीही सुरेल झालं, तरी न ऐकलेलंच राहतं.