अठाईतली गोळी

आमच्या मम्मीजींना, म्हणजे माझ्या सासूबाई जतनबाईंना, दोन गोष्टींची भारी हौस. एक धर्म आणि दुसरी फ्लेक्स. मी आमच्या जैनांच्या पर्युषणात अठाई करणार, म्हणजे आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहणार, असं म्हटलं मात्र, पहिल्याच उपवासाला धुळ्यातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानावर माझा फोटो झळकला. फोटो लग्नाच्या रिसेप्शनचा, लिपस्टिक भडक, आणि खाली 'तपस्वी सौ. चेलना यांच्या तपश्चर्येची अनुमोदना'. तपस्वी म्हणे! तपस्वीबाईंनी त्याच सकाळी आपली रोजची गोळी गुपचूप बंद केली होती, हे कुणाला ठाऊक होतं?

गोळी कशाची ते आधी सांगते. माझं माहेर जळगाव. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माहेराहून एकटी एसटीनं परत येत होते. पारोळा सुटलं आणि छातीत जे धडधडायला लागलं की विचारू नका. हात बधिर, डोळ्यांपुढे अंधारी. आपण मरतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शेजारी एक शेतकरीण बसली होती. "काय व्हयनं वं बहिन? पानी पे जराखं," असं म्हणून तिनं माझा हात जो धरला तो धुळ्याच्या स्टँडवरच सोडला. त्या माउलीचं मी नावसुद्धा विचारलं नाही. अजून तिची आठवण आली की मनातल्या मनात हात जोडते.

मग सुरू झाली दवाखान्यांची वारी. ईसीजी, इको, रक्त, सगळं काढून झालं. "हार्ट एकदम ठणठणीत," असं प्रत्येक जण हसून सांगायचा आणि मी शरमेनं अर्धी व्हायची. म्हणजे मी नाटक करते की काय? शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. हा आजार आहे, नाटक नाही." अगं बाई! नुसतं नाव मिळाल्यावर किती मोकळं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

मॅडमनी रोज नाश्त्यानंतर घ्यायची एक गोळी दिली आणि बसची भीती घालवायचा अभ्यास दिला. आधी मननला, माझ्या नवऱ्याला, शेजारी बसवून सोनगीरपर्यंत जाऊन यायचं. मग तो मागच्या सीटवर. मग मी एकटी. महिने गेले, पण एक दिवस मी एकटी जळगावला पोचले आणि आईच्या गळ्यात पडून हसत सुटले. त्या इवल्याशा गोळीनं मला माझं माहेर परत दिलं. मम्मीजींना सगळं माहीत होतं, पण त्यांची एक सक्त ताकीद होती. "गोळी घे बाई, पण समाजात बोलू नको. लोकांची तोंडं वाईट."

पुढे आम्ही दोघांनी बाळाचा विचार केला. मॅडमना आधी जाऊन सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "या गोळीवर असताना कितीतरी बायका आई झाल्या आहेत. तुमची तब्येत टिकेल एवढाच डोस ठेवू, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मी बोलते. फक्त स्वतःच्या मनानं बंद करू नका." इतकं स्पष्ट सांगितलं होतं हो! पण माझी जळगावची भाभी आयुषी, तिचं सगळं शिक्षण मोबाइलवर झालंय. ती म्हणाली, "दीदी, अंगात औषध असताना बाळ? मी तर बाई नसती रिस्क घेतली." झालं. ते वाक्य कानात जाऊन बसलं ते निघेचना. बाळाला माझ्यामुळे काही झालं तर? दिवसभर तेच.

मग पर्युषण आलं आणि मला वाटलं, सुटले! उपवासात पाण्याशिवाय तोंडात काही जात नाही. गोळी आपोआप बंद. वर बाळासाठी नवस केल्याचं पुण्य. कुणी विचारणार नाही, कुणी अडवणार नाही, उलट कौतुक. मनननं विचारलं, "मॅडमना विचारलंस का?" मी म्हटलं, "उपवासाचं काय विचारायचं डॉक्टरला?" तो बिचारा दुकानात निघून गेला. धर्माच्या कामात बायकोला कोण टोकणार?

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी जमीन हलायला लागली. आणि नेमक्या त्याच दुपारी स्थानकातल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळातल्या, बायका घरी आल्या. आमच्यात तप करणाऱ्याला भेटायला येतात, स्तवनं म्हणतात आणि विचारतात, "सुखशाता?" म्हणजे बरी आहेस ना, जिवाला स्वस्थता आहे ना. त्यावर हात जोडून म्हणायचं, "देवगुरूंची कृपा." मी सगळ्यांना तेच म्हणत होते, आणि आत छाती अशी धडधडत होती की बाहेर ऐकू जाईल. बायका म्हणाल्या, "चेहऱ्यावर काय तेज आलंय!" तेज कसलं, घाम होता तो.

मला बसवेना. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून खाली बसले. तोच तो पारोळ्याचा मृत्यू पुन्हा आला होता. मागोमाग मम्मीजी आल्या.

"शाता?" त्यांनी विचारलं.

"देवगुरूं..." पुढचं तोंडातून निघेना. मी म्हटलं, "नाही मम्मीजी. अजिबात नाही."

आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता जवळ घेतील. जवळ कसलं घेतात! "अक्कल कुठे गहाण टाकली होती?" त्या कडाडल्या. बाहेर चाललेलं स्तवन एकदम थांबलं. "माझी बीपीची गोळी मी पर्युषणात सोडते का? माझी गोळी धर्मात बसते आणि तुझी बसत नाही? कुणी सांगितलं तुला?"

"पण मी पच्चक्खाण घेतलंय ना," मी म्हटलं. पच्चक्खाण म्हणजे रोज सकाळी घ्यायचा त्या दिवसाच्या उपवासाचा नियम.

"घेतलंयस, पण अर्थ विचारलायस कधी? जिवाची समाधी, जिवाची स्वस्थता ढळायला लागली तर औषधाची मोकळीक त्या नियमातच सांगितलेली असते. नियम करणारे तुझ्यापेक्षा शहाणे होते."

बोलता बोलता त्यांनी फोन काढून मॅडमना लावलासुद्धा. मॅडमनी सांगितलं, अचानक बंद केल्यानं हे झालंय, थोडं खायला घाला, गोळी द्या आणि उद्या घेऊन या. मम्मीजींनी मुगाचं पाणी चढवलं. ते होईपर्यंत माझ्याशेजारी फरशीवर बसल्या, गुडघे दुखत असताना, आणि मॅडमनी मला आणि मी त्यांना शिकवलेला तो श्वास माझ्याबरोबर घेत राहिल्या. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. मधूनमधून शिव्या चालूच होत्या. मी हसले तेव्हा कुठे त्या थांबल्या.

मुगाचं पाणी पोटात गेलं, गोळी गेली. बाहेर मात्र कुजबुज सुरू झाली होती. एक बाई दारापर्यंत येऊन म्हणाल्याच, "काय हो जतनबाई, अठाई मोडली वाटतं?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. आता मम्मीजी काय सांगणार? पित्त? चक्कर? त्या पदर खोचून बैठकीत गेल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "मोडली नाही, मी सोडायला लावली. माझ्या सुनेला घबराटीचा आजार आहे. तिची रोजची गोळी आहे, ती घेणार. अजून कुणाला काही विचारायचंय?" बायका एकेक करून चपला शोधायला लागल्या. सुंदरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आजी तेवढ्या हळूच आत आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, "बेटा, त्या डॉक्टरणीचा नंबर मला पण दे."

संध्याकाळी मम्मीजी स्वतः स्टुलावर चढल्या आणि दुकानावरचा फ्लेक्स उतरवला. खाली उभा राहून स्टूल धरणाऱ्या मननला विनाकारण चार शब्द ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मॅडमकडे गेलो. मम्मीजींनी मॅडमची अशी उलटतपासणी घेतली, जणू ठोकचा माल घ्यायचाय. गोळी बाळापर्यंत पोचते का? पोचली तर काय होतं? मॅडमनी काही लपवलं नाही. थोडा धोका असतो, शून्य आहे असं कुणीच सांगणार नाही, म्हणाल्या. पण आजार उसळला तर त्याचाही त्रास आईला आणि बाळाला होतोच. म्हणून दोन्ही तोलून, लक्ष ठेवून पुढे जायचं. "आता आधी चेलनाला पुन्हा नीट स्थिर होऊ दे, मग बाळाचं बघू. काही महिने उशीर होईल. घरच्यांची तयारी आहे ना?" शेवटचं त्या मम्मीजींकडे बघून म्हणाल्या.

मी मान खाली घातली. नातवंडासाठी मम्मीजींचा जीव किती आसुसलाय, ते मला पक्कं माहीत होतं. झबली शिवून कपाटात ठेवली आहेत त्यांनी.

मम्मीजी म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू मॅडम, नातवंड मला पाहिजेच आहे. पण ते यायचंय अजून. ही आली आहे. आधी हिला नीट करा."

मनन खिडकीबाहेर बघायला लागला. मी मात्र तिथेच, मॅडमच्या समोर, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. मम्मीजी म्हणाल्या, "रड, पण आवरतं घे. बाहेर नंबर लागलेत लोकांचे."