पाचवी डहाळी

अनुपमानं कलशावरचा नारळ दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि तबकात ठेवला. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची पूजा काल झाली होती. आज शुक्रवारी, अंघोळ झाली की घट हलवायचा. कलशातल्या पाच डहाळ्या तिनं एकेक करून बाहेर काढल्या आणि त्यांचं पाणी कलशातच निथळू दिलं. डहाळ्या घरात पाच जागी ठेवायच्या, पाणी तुळशीला घालायचं. या डहाळ्या शोधून आणताना खालचे वॉचमन कमरुद्दीनभाई दरवर्षी शारजातल्या अल नहदा वस्तीच्या निम्म्या पार्किंगमधून फिरत. "आप की पूजा का पत्ता," म्हणत परवा पिशवी दारात ठेवून गेले होते.

हॉलमध्ये टीव्हीवर लंडन दिसत होतं. थंडीत उभी असलेली मुलं, घोड्यांवरचे पोलीस.

"बघ, बघ तुझे पिवळ्या पक्षाचे लोक," चारुदत्त सोफ्यावरून लेकीला म्हणाला. सुट्टीचा दिवस, तरी तो सहालाच उठून बसला होता. "सहीचे कागद हातात धरून फोटो काढले होते ना निवडणुकीआधी? कॉलेजची फी वाढू देणार नाही म्हणून? सत्तेची खुर्ची मिळाली, आणि काल तिप्पट करून मोकळे."

खाली गालिच्यावर आभा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"निळे घ्या, लाल घ्या, पिवळे घ्या. लाल सत्तेवर होते तेव्हा खासदार बागेतल्या कामाची बिलंसुद्धा सरकारला लावत होते. मी म्हणतच होतो. या लोकांना मत देण्यापेक्षा खालच्या खजुराच्या झाडाला द्यावं. निदान सावली तरी देतं."

"नऊ हजार पाउंड," आभा टीव्हीकडे बघतच म्हणाली. "फ्रॉम ट्वेंटी ट्वेल्व्ह. दॅट्स माय इयर."

"म्हणजे बावन्न हजार दिरहम. सव्वासहा लाख रुपये. एका वर्षाचे." चारुदत्तनं आकडे असे सांगितले, जणू ते कुणा दुसऱ्याच्या मुलीचे असावेत. "आपले हात तरी स्वच्छ आहेत बुवा. मी मत दिलंच नाही."

"आईनं दिलं," आभा म्हणाली. मग मान वळवून तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "यू व्होटेड फॉर देम, आई. बिकॉज आय आस्क्ड यू टू."

अनुपमाच्या हातातल्या डहाळीवरून एक थेंब फरशीवर पडला. तिनं तो पदरानं टिपला.

पहिली डहाळी तिनं दाराच्या चौकटीवर खोवली, दुसरी धान्याच्या डब्यांमागे ठेवली. तिसरी आभाच्या टेबलावर. तिथं विलायतेतल्या कॉव्हेंट्रीचा एक फोटो होता. दगडी पायऱ्यांवर नऊ वर्षांची आभा, गणवेशात, पुढचा एक दात पडलेला. चौदा वर्षं राहिले होते ते तिथं. आभा तिथंच जन्मली. तिथलंच नागरिकत्व घेतलं, भारताचे पासपोर्ट परत केले. मग दुबईनं दुप्पट पगाराची हाक दिली. दोन वर्षं राहू, पैसे साठवू आणि परत येऊ, असं ठरवून ते २००७ साली इथं आले, आणि वर्षभरात सगळं कोसळलं. चारुदत्तची कंपनी बंद झाली, दुबईतलं घर सुटलं. कमी पगाराची ही नोकरी मिळाली म्हणून शारजाचा हा सोळावा मजला. कॉव्हेंट्रीला परत जावं तर तिथंही माणसं कमी करत होते. पुण्याला जावं तर आता तिथं परदेशी. नोकरी आहे तोवर इथला व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर हे घर. हॉलची खिडकी तर उघडतच नव्हती. काचेपलीकडे समोरच्या टॉवरची काच दिसे, आणि तिच्यात यांचंच घर.

या घरातून बाहेर पडायची एकच वाट होती, आभाचं कॉलेज. तिथं ती गेली की निदान तिचे पाय तिच्या मातीला लागतील. त्या दिवसापर्यंत अनुपमानं साखर सोडली होती. दोन वर्षं ती कोरा, अगोड चहा पीत होती. चारुदत्त हसायचा. "देवाला पण मॅनिफेस्टो दिलायस का?"

चौथी डहाळी तिनं टीव्हीमागे ठेवली. दोघांच्या मधून जाताना ती वाकून गेली.

पाचवी दरवर्षी तिच्या साड्यांच्या कपाटात जायची. आज ती बेडरूममध्ये थबकली. चारुदत्तच्या कागदांचं लोखंडी कपाट कोपऱ्यात होतं. त्याला ती सहसा हात लावत नसे. पण आभाचे दाखले, कॉव्हेंट्रीच्या घराचे कागद, सगळं त्यातच होतं. यंदा आशीर्वादाची गरज असेल तर ती त्यांनाच, असं तिच्या मनात आलं. तिनं खालचा खण ओढला, फायली थोड्या पुढे सरकवल्या आणि मागच्या फटीत डहाळी घालायला हात घातला.

हाताला एक पाकीट लागलं.

ते तिचंच होतं. फाडून उघडलेलं. आत मतपत्रिका होती, आणि तिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू.

एप्रिलमध्ये चारुदत्तच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर तिकडच्या निवडणुकीत टपालानं मत द्यायची, दोघांच्या नावाची पाकिटं आली होती. "माझं मी तिथंच कचऱ्यात टाकलं," असं तो म्हणाला होता. तिचं पाकीट त्यानं टेबलावर टाकलं. त्या संध्याकाळी आभा तिच्या मागे लागली. मला अजून दोन वर्षं मत नाही, माझं तू दे ना, बघ, त्यांनी लिहून दिलंय. सहीचे कागद धरलेले ते फोटो अनुपमानं पाहिले. चारचौघांसमोर नाव घेऊन, सही करून दिलेला शब्द. तिच्या लेखी तो संकल्पच होता. हातावर पाणी सोडून बोललेलं कुणी मोडत नाही. तिनं पिवळ्यांपुढे फुली मारली, आणि मग हात थांबेना, म्हणून लग्नपत्रिकेला लावतात तसं चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून पाकीट बंद केलं. रात्रभर ते देवापुढे होतं. अधिक महिना होता, दुपारपर्यंत तिचं मौन. सकाळी तिनं ते न बोलता चारुदत्तच्या बॅगेवर ठेवलं.

संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "पाठवलंत?"

"गेलं," तो म्हणाला होता आणि अंघोळीला गेला होता.

अनुपमा पलंगाच्या कडेवर बसली. पाकिटाच्या बाहेरून कोपऱ्यांवर हळद पाझरलेली दिसत होती. म्हणजे त्याला उघडण्याआधीच दिसलं असणार. आत घडी करून मतदानाच्या सूचनांचा कागद ठेवला होता. त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर असल्यास मत बाद होईल.

आणि त्या कागदाला टाचणीनं लावलेली कुरिअरची पावती. अठ्ठावीस एप्रिल. कॉव्हेंट्रीच्या निवडणूक कचेरीचा पत्ता. एकशे चाळीस दिरहम. पाठवणाऱ्याचं नाव चारुदत्त. तिचं पाकीट तर इथं होतं, म्हणजे गेलं ते त्याचं, कचऱ्यात टाकलं म्हणालेलं.

ते दिवस तिला चांगले आठवत होते. त्या महिन्यात त्यानं दुपारचा चहासुद्धा ऑफिसात बंद केला होता.

तिनं मतपत्रिकेवरून बोट फिरवलं. कुंकू सुकून काळपट झालं होतं, पण बोटाला थोडं लागलंच. कुंकवाचा कागद माणूस कचऱ्यात कसा टाकणार, हे कळायला देव मानावाच लागतो असं नाही. तिनं सगळं होतं तसं घडी करून परत ठेवलं, वर डहाळी ठेवली आणि खण लोटला.

हॉलमध्ये चारुदत्तनं चॅनल बदललं होतं, तिथंही लंडनच होतं. आभाचे डोळे लाल झाले होते.

"आई, से समथिंग. वुड यू डू इट अगेन?"

अनुपमा तिच्याशेजारी गालिच्यावर बसली. खोटं बोलायचं नाही हा तिचा सगळ्यांत जुना नेम होता, लग्नाच्याही आधीपासूनचा.

"ती फुली मी मनापासून मारली होती, आभा. तुझ्यासाठी."

"आणि बघ काय झालं," चारुदत्त म्हणाला. "तुझी आई भोळी आहे. त्या लोकांना भोळीच माणसं लागतात."

"हो," अनुपमा म्हणाली. "आहेत अशी काही माणसं."

टीव्हीवर कुणीतरी जिन्यावर उभं राहून कारणं सांगत होतं.

"सो वी आर स्टक हिअर," आभा म्हणाली. कुणाकडेच न बघता.

अनुपमा उठली, कलश घेऊन बेडरूमच्या बाल्कनीकडे निघाली. चारुदत्तनं सवयीनं विचारलं,

"झाल्या का तुझ्या डहाळ्या सगळीकडे?"

"झाल्या."

"पाचवी साड्यांमध्येच ना? मागच्या वर्षी माझ्या कोटावर सगळा पाला झाला होता."

"नाही. यंदा तुमच्या कागदांत ठेवली. खालच्या खणात, मागे."

रिमोट धरलेला त्याचा हात तसाच राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बाल्कनीत तुळशीच्या मुळाशी ती सावकाश पाणी घालत राहिली. सोळा मजले खाली रस्ता सुट्टीचा, रिकामा होता. आत टीव्हीचा आवाज कमी झाला, मग बंद झाला.

थोड्या वेळानं चारुदत्त बाल्कनीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तबकातला नारळ होता. या घरात तो त्यानं कधी उचलला नव्हता.

"हा फोडायचा असतो ना?" त्यानं विचारलं. "कुठं फोडू?"

अनुपमानं त्याच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याजवळची फरशी हातानं पुसून दिली.

"इथं," ती म्हणाली. "हळू. आभा रडतेय."